भयपटांचा पटकथालेखक म्हणून करिअर होतं का? कोर्स कोणता करावा?

कोर्सचं नंतर बघू. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जोडलंय, "तसंही घाबरवायचं काम साउंडवालाच करतो." तिथे माझं डोकं फिरलं.

वाडा, रात्र, नात पाणी प्यायला माजघरात येते. नवशिका लिहितो, 'अचानक भयानक आवाज होतो, ती दचकते.' यात शूट करण्यासारखं काहीच नाही, म्हणून साउंडवाला धडाम करतो आणि नाव त्याचं होतं. आता हे बघा. चौथ्या पानावर आजी तांब्यावर फुलपात्र पालथं घालते. अकराव्यावर पुन्हा तसंच. सतराव्यावर नात येते तेव्हा फुलपात्र उताणं, आत घोटभर पाणी. ती तेच पिते आणि जाऊन झोपते. संवाद नाही, किंकाळी नाही. प्रेक्षकाला कळलंय, तिला नाही. एकदाच पेरलंत तर लक्षात राहत नाही, तीनदा पेरलंत तर आधीच ओळखतात. प्रत्येक कृतीला वेगळी ओळ द्या. परिच्छेदात कोंबलंत की वाचणारा पळतो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. या प्रसंगाने दीड पान खाल्लं तर खाऊ दे.

भुताचे नियम पंचविसाव्या पानापर्यंत दिसलेच पाहिजेत. उंबरा ओलांडता येत नाही म्हणालात, तर शेवटी सोयीसाठी ओलांडायला लावू नका. बहुतेक मसुदे इथेच मरतात. मध्यंतरानंतर भूत वाट्टेल ते करू लागतं, मग त्याने नायिकेला पहिल्याच रात्री का सोडलं?

पैसे हप्त्यांत येतात: करार, वन लाइन (प्रसंगांची क्रमवार यादी), पहिला मसुदा, अंतिम मसुदा. शेवटचा हप्ता 'शूटिंग सुरू झाल्यावर' असेल तर तो बुडाला समजा; 'मसुदा दिल्यापासून ३० दिवसांत' असं लिहून घ्या. श्रेयाचं कलमही. ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा, पण पूर्ण लिहिलेली पटकथा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. चित्रपटगृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देताच येत नाही. तरी तसं कलम पुढे आलं तर सही करू नका.

घर चालेल का? 'तुंबाड'चा पहिला मसुदा १९९७चा, पडद्यावर आला २०१८ला. मधल्या काळात मालिका लिहायची तयारी ठेवा. कोर्स कुठलाही चालेल.

हो, हॉरर-कॉमेडीला हे फुलपात्राचं गणित जसंच्या तसं लागू नाही. आणि साउंडवाला बिनकामाचा असंही मी म्हणत नाही. पण त्याने कुठे थांबायचं तेसुद्धा पानावरच असतं: 'रातकिडे गप्प होतात.'