कवच अडतं ते बगलेत

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. जानेवारीत गॅदरिंग आहे आणि फॅन्सी ड्रेसला मला अंतराळातल्या सैनिकाचं अख्खं कवच घालून यायचंय. छाती, पाठ, खांदे, हात, पाय, हेल्मेट, सगळं. पुठ्ठ्याचं करून बघितलं, तर दोनदा घातल्यावर घामाने मऊ पडलं. थर्माकोलला चपलेचं सोल्युशन लावलं, तर थर्माकोलच विरघळला. पत्रा मला जमणार नाही. घरच्या गच्चीवर, खिशाला झेपेल असं काही होईल का?
— एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : होईल. थर्माकोलचं वाईट वाटून घेऊ नकोस, ती चूक मीही केली आहे. सोल्युशनमध्ये टोल्युईनसारखी द्रावकं असतात आणि थर्माकोल त्यांत चहातल्या साखरेसारखा जातो. तुला हवा आहे तो ईव्हीए फोम. नाव नवं वाटेल, पण वस्तू रोज पायाखालची आहे. हलक्या स्लीपरचे सोल त्याचेच असतात, आणि बालवाडीत अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत चटयाही. चपला-बूट करणाऱ्यांना माल देतात त्या दुकानात जा आणि ‘ईव्हीए शीट’ माग. छाती-पाठीला १० मिमी, हेल्मेट आणि हातापायांना ६ मिमी, वरच्या पट्ट्या-नक्षीला २ किंवा ३ मिमी. घेताना अंगठ्याने दाबून बघ. खळगा लगेच भरून आला तर घे, अंगठ्याचा ठसा तसाच राहिला तर ठेव परत.

आता कापायची घाई करू नकोस. माझं ड्रेपरीचं दुकान आहे. गॅदरिंगच्या दिवसांत आमच्या ओट्यावर एका वेळी सात मावळे आणि दोन टोमॅटो उभे असतात. सासरे युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. सोलापूरचे युनिफॉर्म कुठे कुठे जातात ते तुला माहीत असेलच. तर अशा घरात राहूनसुद्धा दोन वर्षांपूर्वी भाच्याचं पहिलं कवच मी साफ चुकवलं. छातीचा मोजून गोल पिंप केला, खांद्यापासून कमरेखाली चांगलं वीतभर. आरशात काय दिसत होता पोरगा! मग रिक्षात बसायला गेला, तर कवचाची खालची कड मांडीवर टेकली आणि वरची कड हनुवटीला. शेवटी छोट्या हत्तीत मागे उभा राहून कॉलेजला गेला. स्टेजवर निवेदकाने माइक पुढे केला, तर ह्याचा हात छातीपर्यंत येऊन थांबला. तोंडापर्यंत माइक जाईना. मागून पोरं ओरडली, “काय बे, रोबोची बॅटरी संपली का?” सगळ्यांना वाटलं अभिनय आहे. बक्षीसही मिळालं, ते सोड.

घरी आल्यावर सासऱ्यांनी ते कवच खुर्चीवर ठेवलं, चष्मा लावला आणि हाताच्या भोकात दोन बोटं घालून कडेने फिरवली. म्हणाले, “ह्याला बगलच काढली नाहीस की गं.” मी भोक काढलं होतं, बगल काढली नव्हती. हात बाजूला सरळ लोंबत असेल तेवढ्यापुरतं ते बरोबर होतं. पण माणूस हात पुढे आणतो, नमस्कार करतो, टाळी वाजवतो. कापड अशा वेळी चुण्या पडून वाट देतं. १० मिमीचा फोम कसली वाट देतो! म्हणून समोरच्या भागावर बगलेची गोलाई छातीच्या बाजूला खोल आत घ्यायची. किती, ते असं ठरव : दोन्ही हात पुढे करून तळवे एकमेकांवर ठेव आणि दंड छातीला जिथे टेकतो तिथे खडूने खूण कर. फोम त्या खुणेच्या आत राहिला पाहिजे. आणि छाती-पाठ कमरेच्या बारीक भागावर संपव, नितंबापर्यंत नेऊ नकोस. खरी लोखंडी छातीकवचंसुद्धा तिथेच संपत, नाहीतर घोड्यावर बसणार कसं? खालचं पोट झाकायला वेगळी पट्टी, कमरेच्या पट्ट्यावर सैल लटकणारी.

आपल्याकडचं जुनं चिलखत बघितलंस तर हे कोडं आधीच सुटलेलं दिसेल. ‘चार-आईना’ म्हणून एक प्रकार होता : पोलादी चार पत्रे, एक छातीवर, एक पाठीवर, दोन दोन्ही कुशींना. कुशीच्या पत्र्यांना वरून हातासाठी अर्धगोल कापलेला, आणि चारही पत्रे पट्ट्यांनी किंवा बिजागरीने जोडलेले. अंग वळलं की पत्रे आपापले सरकतात. तुझं अंतराळवीराचं कवचही एक पिंप न करता असंच चार तुकड्यांत कर. घालायला सोपं, आणि पुढच्या वर्षी अंग भरलं तर नुसत्या पट्ट्या सैल करायच्या.

माप घ्यायला टेप पुरत नाही. जुना टी-शर्ट घाल, त्यावरून स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लॅस्टिक फिल्म गुंडाळ आणि त्यावर बहिणीकडून किंवा मित्राकडून चिकटपट्टी चिकटवून घे. घट्ट नको, श्वास घेता आला पाहिजे. मग मार्करने बरोबर मध्यरेषा, बगल, कंबर आणि तुकड्यांच्या शिवणी अंगावरच काढायच्या. पाठीमागून कापून काढलंस की तुझी साल हातात येते. ती शिवणींवर कापून सपाट कर. जिथे सपाट होत नाही, फुगते, तिथे चीर दे. त्या चिरेला आमच्यात प्लेट म्हणतात, ब्लाउजला असते तीच. फोममध्ये ही चीर पाचरीसारखी कापून कडा जोडल्या की छातीला उठाव येतो. पॅटर्न अर्ध्याच अंगाचा कागदावर उतरव, दुसरी बाजू उलटवून घे. दोन्ही बाजूंची वेगळी मापं घेतलीस तर कवच नक्की वाकडं होतं.

एक हिशोब कापडवाल्यांना कधी लागत नाही, म्हणून मलाही तो उशिरा कळला. जाड वस्तू गोल वळवली की आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणते. तुझ्या कोपराखालच्या हाताचा घेर २६ सेंमी आहे आणि तू २६ सेंमीचाच फोम कापलास, तर तो पुरणार नाही. जाडीला ३.१४ ने गुण आणि तेवढं वाढव : १० मिमीला सुमारे ३ सेंमी, ६ मिमीला सुमारे २. त्यात बाहीची ढील वेगळी. भाच्याची पहिली हातकवचं दोन्ही याच कारणाने वाया गेली. आता मी ती पाण्याच्या बाटल्यांना घालते.

कापायला तुटत्या पात्याचा कटर घे आणि पातं तोडायची कंजुषी करू नकोस. फोम पात्याची धार फार लवकर मारतो, मग कड करवतीने कापल्यासारखी दातेरी येते. पातं उभं धरून एका ओढीत काप.

चिकटवायला सोल्युशनच, पण वापरायची रीत वेगळी. दोन्ही कडांना पातळ हात द्यायचा आणि थांबायचं, दहा-पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाचच. बोट लावून बघायचं : बोटाला लागत नाही, पण किंचित ओढ जाणवते, ती वेळ. मग एका टोकापासून इंच-इंच जुळवत दाबत जायचं. एकदा टेकलं की टेकलं, सरकवता येत नाही. ओलं असताना चिकटवणारे मग म्हणतात सोल्युशन खराब आहे.

गोलाई देण्याआधी हीट गन फिरव. केसांचा ड्रायर जाड फोमला पुरत नाही आणि गॅसच्या आचेवर धरायचा विचारही करू नकोस. गन एका जागी न ठेवता सारखी हलवत राहा. फोमचा मंदपणा जाऊन किंचित चमक आली की पृष्ठभागाची छिद्रं मिटली. गरम असतानाच मांडीवर, कळशीवर, खांद्याला योग्य अशा पातेल्यावर दाबून धर आणि गार होईपर्यंत सोडू नकोस. आमच्या घरातल्या खांद्याच्या वाट्या भाकरीच्या पिठाच्या डब्यावर वळल्या आहेत, आणि त्या दिवशीच्या भाकरीला वास आला म्हणून मी बोलणीही खाल्ली.

रंगाचं थोडक्यात. फोम रंग पितो. पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून तीन-चार हात दे, प्रत्येक हात पूर्ण वाळू दे, मग ॲक्रिलिक रंग. साधा ऑइल पेंट वाकवलं की तडकतो. शेवटी काळा रंग पाण्यासारखा पातळ करून खाचांत सोड आणि वरचा फडक्याने पूस. कोऱ्या चंदेरी कवचापेक्षा हे वापरलेलं कवच लांबून खरं वाटतं.

पट्ट्यांना बॅगवाल्यांकडची नायलॉन पट्टी आणि बकल घे. वेल्क्रो शिवून घे. पाठीला गोंद असलेला वेल्क्रो घामाने आणि उष्णतेने ऐन स्टेजवर सुटतो. खांद्याच्या वाट्या फोमला चिकटवू नकोस, इलॅस्टिकवर लटकव, म्हणजे हात वर केला की त्या बरोबर वर जातात. सगळं मिळून भाच्याचं दुसरं कवच रद्दीवाल्याच्या काट्यावर साडेतीन किलो भरलं. त्यात तो रिक्षात बसला, लेझीमचे दोन डाव खेळला आणि शेंगाचटणी-भाकरीही खाल्ली, हातमोजे न काढता. ती चटणी मोज्यांतून अजून जात नाही.

प्रश्न : मुलाने हेल्मेट थ्री-डी प्रिंट करून आणलं. गाडीत मागच्या काचेजवळ ठेवलं होतं, तासाभरात एका बाजूने बसलं. प्रिंट करून देणाऱ्याने फसवलं का?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : फसवलं असं दिसत नाही. घरगुती प्रिंटरवर सहसा पीएलए नावाचं प्लॅस्टिक वापरतात आणि ते साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीत काचेखाली काय होत असेल ते तुम्हीच बघितलंत. पुन्हा करायचं झालं तर पीईटीजी मागा, ते साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं. बसलेलं हेल्मेट गरम पाण्याच्या टॉवेलने मऊ करून सरळ होतं, असं सांगणारे भेटतील. माझ्याच्याने कधी सरळ झालं नाही. दुसऱ्या बाजूलाही तसाच पोचा पाडून ‘लढाईतलं’ म्हणून खपवलं होतं.

आत हवा खेळायला कपाळाच्या वर आणि मानेमागे भोकं ठेवा आणि पॉवर बँकवर चालणारा पाच व्होल्टचा छोटा पंखा बसवा. फक्त दोन-चार एलईडी त्यावर लावायचे असतील, तर आधी घरी अर्धा तास चालवून बघा. विजेची ओढ फारच कमी असली तर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात, आणि पोरगं समजतं की वायर तुटली. हेल्मेटच्या काचेच्या आतून भांड्यांच्या साबणाचा थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसला, तर वाफ धरत नाही. मान-खांद्याला चाटी गल्लीतून टेरी टॉवेलचा तुकडा आणून अस्तर लावा. बाहेर काढून धुता येईल असंच लावा, याचं कारण एका दिवसात कळेल.

प्रश्न : माझा मुलगा रात्री दार लावून हे सोल्युशन लावत बसतो. डोकं दुखतं म्हणतो, पण उठत नाही. ओरडू का?
— एक आई, अशोक चौक

उत्तर : ओरडा. मी एरवी पोरांच्या बाजूची आहे, इथे नाही. डोकं दुखतंय ते त्या वाफेनेच. ती वाफ पेटणारीही आहे, तेव्हा देवघरातली निरांजन, उदबत्ती, मच्छर कॉइल, गॅस, काहीही जवळ नको. चिकटवायचं ते गच्चीवर किंवा अंगणात, दिवसा. हीट गन आणि सोल्युशनचा डबा एका वेळी शेजारी ठेवायचे नाहीत. फोम घासताना नाकाला साधं फडकं पुरत नाही, धुळीचा मास्क हवा. आणि तो फायबरग्लासचं नाव काढेल तर तिथेच थांबवा. त्यातलं हार्डनर डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते. ते काम कारखान्यात, चष्मा-हातमोजे घालून शिकल्यावरच.

प्रश्न : वय ५१. पोट आहे. नातवाबरोबर मलाही असं कवच घालायचं आहे. हसू नका.
— एक आजोबा, सात रस्ता

उत्तर : हसले नाही, पत्र सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “माप देताना पोट आत ओढायचं नाही, एवढं सांग.” युनिफॉर्मच्या मापाला पोलीस उभे राहिले की सगळे तेच करायचे म्हणे, आणि आठवड्याने बटणं तुटून परत यायची. छातीचा तुकडा बरगडी संपते तिथे थांबवा, पोटावर आडव्या तीन पट्ट्या करा, खालचीवर वरची एक बोट चढलेली, मागे इलॅस्टिकवर शिवलेल्या. बसलात की त्या एकमेकींत सरकतील. चिकटपट्टीचं माप जेवण झाल्यावर घ्या.