साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटात धुक्यात गाडीचा वेग कमी भासतो, म्हणून ती नकळत जास्त पळते, हे खरं का?

नाही, खऱ्या धुक्यात बहुतेक उलटंच होतं. हा समज १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या, पडद्यासमोर गाडी चालवायच्या सिम्युलेटरवरच्या प्रयोगातून पसरला; त्यात धुक्यात चालकांनी वेग वाढवला होता. पण पडद्यावरचं ते धुकं जवळ-लांब सगळीकडे सारखंच फिकट. आपल्याकडे कासच्या रस्त्याला बॉनेटपुढचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसतो, वळण मात्र गायब! जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये असं अंतरागणिक दाट होत जाणारं धुकं आभासी पडद्यावर दाखवलं, तेव्हा वेग जास्त भासला आणि लोकांनी गाडी हळू घेतली. फक्त काच आतून वाफाळली असेल तर जुनाच प्रयोग लागू: सगळंच सारखं पुसट, म्हणून वेग कमी वाटतो. आधी एसी काचेकडे वळवा.