प्रवर्तन की प्रेरण?

इंदूरहून आलेला प्रश्न असा: मुलगी बारावीत, हिंदी माध्यमात. तिच्या पुस्तकात ‘वैद्युतचुंबकीय प्रेरण’, तर मामांनी नागपूरहून पाठवलेल्या मराठी पुस्तकात ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’. दोन्ही ‘इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन’साठी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने तारेत वीज निर्माण होण्यासाठी. बरोबर कोणतं? आणि ‘चुंबकीय क्षेत्रात वाहक हलला की धारा प्रवर्तित होते’ हे वाक्य चालेल का?

शब्द दोन्ही बरोबर. प्रेरण म्हणजे ढकलणं, पुढे लोटणं. प्रवर्तन हे ‘वृत्’ धातूच्या प्रयोजक रूपावरून आलेलं. फिरतं करणं, चालू करून देणं. धम्मचक्र प्रवर्तन यातलं प्रवर्तन तेच, आणि बाबासाहेबांच्या जन्मगावाच्या, महूच्या शेजारी राहणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. मराठीत ‘प्रेरणा’ मनाशी इतकी चिकटली आहे की तारेला प्रेरणा मिळाली असं वाटू लागतं, त्यामुळे मराठीत प्रवर्तन बरं. इंदुरात मात्र एक गंमत होते. हिंदीत ‘प्रवर्तन निदेशालय’ म्हणजे ईडी, तेव्हा हा शब्द ऐकला की आधी धाड आठवते. मराठी वर्तमानपत्रं त्याच खात्याला सक्तवसुली संचालनालय म्हणतात, म्हणून आपल्याकडे हा घोळ होत नाही.

खरा घोळ शेजारच्या शब्दांचा. परावर्तन आरशावर होतं, अपवर्तन काचेतून जाताना, परिवर्तन म्हणजे नुसता बदल. मोबाइलवर टाइप करताना ‘प्रवर्तन’चं ‘परिवर्तन’ झालेलं सहज नजरेतून सुटतं.

आता वाक्य. ते दोन ठिकाणी चुकतं.

पहिली चूक ‘धारा’ (विद्युतप्रवाह) या शब्दात. प्रवर्तित होतं ते ईएमएफ, म्हणजे धारेला ढकलणारं व्होल्टेज. परिपथ पूर्ण असेल तरच धारा वाहते. तुटक असेल तर टोकांमध्ये व्होल्टेज दिसतं, धारा नाही. (हिंदीत ईएमएफला ‘विद्युत वाहक बल’ म्हणतात. नावात बल असलं तरी मोजतात व्होल्टमध्ये, न्यूटनमध्ये नव्हे.)

दुसरी चूक मोठी आहे, कारण ती ‘हलला की’मध्ये दडलेली आहे. 1831 साली फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. हललं काहीच नाही. एका वेटोळ्याची बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसऱ्याच्या मीटरचा काटा उडाला. म्हणजे न हलताही प्रवर्तन होतं. उलटंही खरं: हलूनही ते शून्य असू शकतं.

दोन समांतर रूळ, त्यांत अंतर 0.5 मीटर, वर आडवी सरकती दांडी, एका टोकाला रूळ जोडलेले. चुंबकीय क्षेत्र रुळांच्या पातळीला लंब, या क्षणी 0.2 टेस्ला. दांडी बंद टोकापासून 1 मीटरवर असून 2 मीटर प्रति सेकंद वेगाने दूर जाते आहे. नुसत्या हलण्याचं ईएमएफ 0.2 × 0.5 × 2 = 0.2 व्होल्ट. त्याच वेळी क्षेत्र सेकंदाला 0.1 टेस्लाने वाढत असेल, तर वेढलेलं क्षेत्रफळ 0.5 चौरस मीटर असल्याने आणखी 0.05 व्होल्टची भर पडते, एकूण 0.25. पण क्षेत्र सेकंदाला 0.4 टेस्लाने घटत असेल, तर दुसरा भाग उलट दिशेचा 0.2 व्होल्ट होतो आणि त्या क्षणी बेरीज शून्य. दांडी पळते आहे, काटा ढिम्म.

परीक्षेत इथेच गुण जातात: क्षेत्र बदलतं आहे हे वाचूनही मुलं क्षेत्र, लांबी आणि वेग यांचा गुणाकार करून थांबतात, किंवा दुसरा भाग काढतात आणि चिन्ह विसरतात. उपाय एकच, आधी फ्लक्स, म्हणजे परिपथाने वेढलेलं एकूण चुंबकीय क्षेत्र, लिहायचा: चुंबकीय क्षेत्र × रुळांमधल्या दांडीची लांबी × बंद टोकापासूनचं अंतर. मग त्याचा बदलाचा दर काढायचा. दोन्ही भाग आपापल्या चिन्हांसह आपोआप येतात.

म्हणून वाक्य असं लिहावं: ‘परिपथातून जाणारा चुंबकीय फ्लक्स बदलला की ईएमएफ प्रवर्तित होतं.’ हिंदीच्या उत्तरपत्रिकेत ‘प्रेरित होता है’. ‘गतिक विद्युत वाहक बल’ असं विचारलं असेल तर फक्त पहिला भाग, म्हणजे वरचे 0.2 व्होल्ट.