ट्रान्सफर मिळाली, आता पैशांचं काय?

एप्रिल संपत आला की माझ्या केबिनबाहेर रांग लागते. त्यात प्रवेश न मिळालेले कमी आणि मिळालेलेच जास्त. मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँट-सॅन होजेच्या पट्ट्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात समुपदेशक आहे. इथे दोन वर्षं करून मुलं यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयूच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) एखाद्या कॅम्पसवर जातात, याला ट्रान्सफर म्हणतात, आणि पदवी पुरी करतात. रांगेतल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: स्वस्तातली दोन वर्षं संपली, महागड्या दोन वर्षांचे पैसे आणायचे कुठून?

2025 च्या एप्रिलमध्ये आलेलं एक मराठी घर (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). मुलगा अर्थशास्त्राचा, अभ्यासात नीट. त्याला यूसी डेव्हिसला प्रवेश मिळाला होता आणि सीएसयूच्या सॅन होजे स्टेटलाही. सोबत आई आली होती, एका प्रीस्कूलमध्ये काम करणारी. तिने डेव्हिसचं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, पहिली दोन वर्षं फी भरावीच लागली नाही. आता हे वर्षाचे 45 हजार डॉलर म्हणतायत. आणि ट्रान्सफरवाल्यांना स्कॉलरशिपा नसतातच ना? त्या सगळ्या बारावीनंतर थेट जाणाऱ्यांना."

पहिला भाग खरा होता. आमच्याकडे राज्यातल्या विद्यार्थ्याला युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, 46 डॉलर फी, आणि पहिल्यांदाच कॉलेजात येऊन पूर्णवेळ शिकणाऱ्याला बऱ्याच कॉलेजांत दोन वर्षं तीही माफ होते. पण ती माफी आमच्या दारापर्यंतच. पुढच्या कॉलेजात सगळं नव्याने मांडावं लागतं. फॅफ्साच्या, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीच्या, अर्जात त्या कॉलेजचा कोड घालण्यापासून सुरुवात. (हे विसरणारी मुलं दर वर्षी भेटतात. अर्ज भरलेला असतो, पण तो पोचतो फक्त आमच्याकडे.)

दुसरा भाग मात्र उलटा आहे. राज्याची मिडल क्लास स्कॉलरशिप आमच्याकडच्या साध्या विद्यार्थ्याला मिळतच नाही. यूसी-सीएसयूत गेल्यावरच लागू होते, आणि बऱ्यापैकी कमावत्या घरांनाही त्यात जागा असते. पण 2 मार्चच्या आत अर्ज गेलेला हवा. या घराने पुढच्या वर्षाचा फॅफ्सा आधी भरलाच नव्हता, "आपल्या उत्पन्नावर काही मिळत नाही" म्हणून. मीही तेव्हा आग्रह धरला नाही, ही माझी चूक. फेब्रुवारीत मात्र मुलाला केबिनमध्ये बसवून अर्ज भरून घेतला. वडिलांचं खातं उघडून त्यांची संमती मिळायलाच आठवडा गेला.

मग पत्र वाचायला घेतलं. मदत म्हणून दाखवलेल्या रकमेत स्कॉलरशिपचा आकडा लहान होता. त्याखाली 7,500 डॉलरचं विद्यार्थी-कर्ज, आणि उरलेली सगळी पोकळी भरायला आई-वडिलांच्या नावाचं पॅरेंट प्लस कर्ज. आईने या तिन्हींची बेरीज करून "म्हणजे जवळजवळ सगळं देतायत" असं घरी सांगितलंही होतं. मी पेन घेतलं आणि कर्जांवर काट मारली. उरली तेवढीच खरी मदत. पॅरेंट प्लसचा व्याजदर त्या वर्षासाठी 8.94 टक्के ठरला, शिवाय हातात पैसे येण्याआधीच चार टक्क्यांहून जास्त रक्कम कापली जाते. याला मदत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण मला खटकत होतं ते वेगळंच. वडिलांचं उत्पन्न अर्जावर एवढं भरभक्कम, मग आईच्या चेहऱ्यावर ही धास्ती कसली? मी विचारलं, "बाबांचं काम ठीक चाललंय ना?" आई मुलाकडे बघायला लागली. मुलगा म्हणाला, "सांग ना आई."

नोव्हेंबरात ले-ऑफ झाला होता. पाच महिने घरातल्या चौघांखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. नाशिकला आजी-आजोबांनाही नाही. बेकारी भत्ता आठवड्याला 450 डॉलर, तोही 26 आठवड्यांपुरता, म्हणजे संपायलाच आलेला. आणि 2025-26 चा फॅफ्सा बघतो 2023 चं उत्पन्न. त्या वर्षीचा पगार पूर्ण होता. सरकारी कागदावर हे घर अजूनही सुखवस्तू होतं.

अशा वेळी युनिव्हर्सिटीच्या फायनॅन्शियल एड ऑफिसकडे फेरविचाराची विनंती करता येते. परिस्थिती बदलल्याचे कागद द्यायचे: नोकरी गेल्याचं पत्र, भत्त्याचे आकडे, या वर्षीच्या कमाईचा अंदाज. तिथल्या अधिकाऱ्याला आकडे बदलण्याचा कायदेशीर अधिकार असतो. होकाराची हमी नसते, पण ही खिरापत किंवा वशिला नव्हे, ठरलेली वाट आहे.

मुलगा त्या रात्री घरी बोलला आणि अडलं ते तिथेच. वडील म्हणाले, नोकरी गेल्याचं पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तीन दिवसांनी ते स्वतः आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाईल. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मॅडम, मुलाच्या कॉलेजात माझी पत उघडी करायची का?" मी त्यांना माझ्या कपाटातला जाडजूड गठ्ठा दाखवला, नावं झाकून. एकट्या त्या वर्षातल्या अशा विनंत्या. या सिलिकॉन व्हॅलीत नोकऱ्या काय एकट्यादुकट्याच्या जातात? ते गठ्ठ्याकडे बराच वेळ बघत होते. मग फाईल उघडली.

विनंती गेली. ट्रान्सफरवाल्यांना यूसीला होकार कळवायची मुदत 1 जून, त्यामुळे हातात महिनाच होता. तोवर आम्ही दुसरा हिशेब केला, जो मला फीपेक्षा महत्त्वाचा वाटतो: दोन वर्षं खरंच दोन वर्षंच राहतील का? आमचा कुठला विषय कुठल्या युनिव्हर्सिटीत धरला जातो ते दाखवणाऱ्या असिस्टच्या संकेतस्थळावर विषय जुळवून बघितले तर मेजरला (मुख्य विषयाला) लागणारा एक विषय राहिला होता. डेव्हिसला त्यापायी एक क्वार्टर (वर्षाच्या तीन सत्रांपैकी एक) वाढला असता तर राहण्या-खाण्यासकट पंधरा हजारांचा फटका. आमच्याकडे उन्हाळ्यात तोच विषय 5 युनिटचा, 230 डॉलर. त्याने लगेच नाव घातलं.

सॅन होजे स्टेटचा पर्यायही टेबलावर होताच. सीएसयूची त्या वर्षीची मूळ फी 6,450, कॅम्पसची फी वेगळी, आणि घरून ये-जा. मी मुलाला सांगितलं, डेव्हिसकडून काही हललं नाही तर इथे डोळे झाकून जा. त्याचा चेहरा पडला, पण त्याने वाद घातला नाही.

मे संपता संपता उत्तर आलं. पेल ग्रँटचा (केंद्र सरकारचं, परत न करायचं अनुदान) काही भाग, युनिव्हर्सिटीचं अनुदान, आणि कर्जातले 5,500 आता बिनव्याजी, म्हणजे शिकत असेपर्यंत व्याज नाही. पॅरेंट प्लसला हात लावायची गरज उरली नाही. कॅम्पसबाहेर तिघांत एक घर आणि आठवड्याला दहा-बारा तास लायब्ररीत काम धरून डेव्हिस आणि सॅन होजे यांतलं अंतर झेपण्याइतकं झालं. तो डेव्हिसला गेला.

करात मिळणारी अडीच हजारांपर्यंतची अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी सवलतही आता त्यांना लागू होण्यासारखी होती. आधी उत्पन्न जास्त म्हणून हुकली होती. ज्यांना पहिल्या वर्षापासून मिळू शकते त्यांनी जपून वापरावी, कारण ती एकूण चारदाच घेता येते. स्वस्त वर्षावर ती कशाला खर्च करायची?

एच-4 वरच्या (एच-1बी व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांच्या आई-वडिलांनी मात्र हे वाचून आशा धरू नये. त्यांना फॅफ्साची मदत मिळत नाही, त्यांचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो.

ऑक्टोबरात वडिलांचा फोन आला. कंत्राटावर काम मिळालं होतं, आधीच्या निम्म्या पगारावर. नवा फॅफ्सा भरत होते. मी म्हटलं, या वेळी 2024 चं उत्पन्न मागतील आणि त्यात नोव्हेंबरपर्यंतचा पूर्ण पगार दिसेल. पुन्हा विनंती करावी लागेल, पुन्हा ते पत्र जोडावं लागेल.

"फाईलमध्ये सगळ्यात वरच ठेवलंय," ते म्हणाले.