पावसात नहाणीतून आणि संडासातून घाण पाणी वर येतं. नॉन रिटर्न व्हॉल्व्हने थांबेल का?

तुम्ही लिहिलंय, की पावसाने जोर धरला की तळमजल्यावरच्या नहाणीतून आणि संडासातून घाण पाणी वर येतं, वर आणखी एक मजला आहे आणि प्लंबर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवायला सांगतो. जरूर बसवा. पण तो कुठे बसवणार, हे त्याला आधी विचारा. चुकीच्या जागी बसवलेला व्हॉल्व्ह रस्त्याचं पाणी अडवेल, पण तुमच्याच वरच्या मजल्याचं पाणी तुमच्या नहाणीतून बाहेर काढेल.

पहिल्यांदा तुंबतंय कुठे ते बघा. जोराचा पाऊस चालू असताना घरातले सगळे नळ बंद करा आणि ज्या चेंबरमधून पाइप रस्त्याकडे जातो, त्या शेवटच्या चेंबरचं झाकण उघडा. घरात कुणी पाणी सोडत नसतानाही चेंबर भरत चाललं असेल आणि एरवी कोरड्या दिवसांत ते झटकन रिकामं होत असेल, तर रस्त्यातली मुख्य वाहिनीच भरली आहे. कोरड्या दिवसांतही पाणी सावकाश उतरत असेल, तर चेंबर ते रस्ता या तुकड्यात चरबी, कापड किंवा झाडाची मुळं अडकली आहेत. चेंबर रिकामं आणि नहाणी तुंबलेली असेल, तर अडथळा घराच्या आतल्या पाइपात आहे. या शेवटच्या दोन्ही प्रकारांत व्हॉल्व्हचा काही उपयोग नाही. तिथे रॉड घालून किंवा जेटिंगने, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारून, लाइन साफ करावी लागते, आणि तीही पावसाळ्याआधी.

चेंबर उघडलंच आहे तर गच्चीचे पाइप त्यात सोडलेत का, तेही बघून घ्या. ही चूक फार ठिकाणी दिसते. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5,000 लिटर पाणी त्याच चेंबरमध्ये उतरतं. व्हॉल्व्ह मिटला की या पाण्याला घराशिवाय वाट उरत नाही. त्यामुळे गच्चीचं पाणी आधी वेगळं काढा, व्हॉल्व्हचा विचार त्यानंतर.

मग लेव्हल काढा. मुख्य वाहिनी भरली की पाणी मॅनहोलच्या झाकणापर्यंत चढतं आणि तिथून रस्त्यावर सांडतं. या पातळीच्या खाली घरात जे तोंड असेल, तिथून ते आधी बाहेर येतं. तुमची लाइन मुख्य वाहिनीला जिथे मिळते, तिथून उताराच्या वरच्या अंगाला असलेल्या पहिल्या मॅनहोलचं झाकण धरा आणि गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल नळीने त्याची उंची नहाणीच्या जाळीशी ताडून बघा. झाकणाहून वर असलेल्या संडासाला आणि नहाणीला व्हॉल्व्ह लागत नाही.

व्हॉल्व्हच्या जागेचं उत्तर यातूनच निघतं. तो फक्त खालच्या पातळीवरच्या नहाणी आणि संडासाच्या लाइनवर बसवा. वरच्या मजल्याचा उभा पाइप व्हॉल्व्हच्या पुढे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला जोडा. सध्या दोन्ही लाइनी एकाच चेंबरमध्ये मिळत असतील, तर नवीन पाइप टाकायला थोडं खोदावं लागेल. तो खर्च टाळू नका, माझ्या मते सगळ्या कामातला तोच महत्त्वाचा भाग आहे.

व्हॉल्व्ह सांडपाण्यासाठी बनवलेला, पूर्ण व्यासाचा फ्लॅपचा, म्हणजे बिजागरीवर झुलणाऱ्या झाकणाचा घ्या. 110 मिलिमीटरच्या पाइपला त्याच मापाचा. पंपाच्या लाइनवरचा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह इथे चालत नाही, मैला अडकून तो तुंबतो. व्हॉल्व्हवरचा बाण रस्त्याकडे, बिजागरी वरच्या बाजूला, आणि वरून हात घालता येईल असं चेंबर. जमिनीत पुरून टाकलेला व्हॉल्व्ह साफ होत नाही, आणि फ्लॅपखाली कापडाची एक चिंधी अडकली तरी तो नीट मिटत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून रबरी कड पुसा. बसवल्यावर चाचणी घ्या: रस्त्याच्या बाजूला रबरी प्लग लावून व्हॉल्व्हच्या पुढचं चेंबर भरा आणि अर्धा तास थांबून घराच्या बाजूला पाणी चढतंय का ते पाहा.

फ्लॅप मिटलेला असताना तळमजल्यावर पाणी वापरायचं नाही. संडासातून गुडगुड आवाज येऊ लागला की वॉशिंग मशीन आणि अंघोळ लगेच थांबवा. तासन्‌तास पाणी न वापरता राहणं शक्य नसेल, तर छोटी टाकी आणि मैल्याचा पंप लागतो. त्याचा पाइप मॅनहोलच्या झाकणाहून उंच नेऊन, तिथून वळवून, व्हॉल्व्हच्या पुढच्या बाजूला सोडा. पंपाला इन्व्हर्टर हवाच, अशा पावसात वीज हमखास जाते.

बाहेरचा गली ट्रॅपही, म्हणजे घराबाहेर सांडपाण्याच्या लाइनवर असलेलं जाळीचं तोंडही, कामाला येतो. त्याचं तोंड घरातल्या सर्वांत खालच्या नहाणीपेक्षा निदान 150 मिलिमीटर खाली आणि अंगणापेक्षा 75 मिलिमीटर वर ठेवा, जाळी सैल असू द्या. मग पाणी उलटलंच तर ते घराऐवजी अंगणात सांडतं. त्यावर लादी बसवून तो बंद केलेला असेल, तर आजच मोकळा करा.

काम होईपर्यंत नहाणीला पाना फिरवून फुगणारा रबरी प्लग लावा. विटेखाली कापड दाबून भागत नाही. 100 मिलिमीटरच्या पाइपात पाणी 1 मीटर चढलं की प्लगवर सुमारे 8 किलो जोर येतो. आणि एक तोंड बंद केलं की पाणी त्याच्या वरचं दुसरं शोधतं, म्हणून संडासाच्या भांड्यातही जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वाळूची पिशवी दाबून ठेवा.

पाणी लवकर ओसरावं म्हणून रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण कधीही उघडू नका. साचलेल्या पाण्याखाली उघडं भोक दिसत नाही आणि चालणारा माणूस थेट आत जातो. कोणत्याही चेंबरमध्ये स्वतः उतरू नका, दुसऱ्यालाही उतरवू नका. आतला विषारी वायू क्षणात शुद्ध हरपवतो.