तोफांच्या कामाला येतोयस, तर आधी एवढं वाच

परांड्याच्या किल्ल्यातल्या जुन्या तोफा साफ करायला आमच्यासोबत यायचं म्हणतोस, वाचून फार बरं वाटलं. बुरुजावरच्या तोफा आपल्याच आहेत. विजापूरची प्रसिद्ध तोफ मलिक-ए-मैदानही आधी याच किल्ल्यात होती.

सुरुवातीला कौशल्य लागत नाही, हात आवरता आला पाहिजे. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी तारेचा ब्रश घेऊन गंज खरवडायला बसतो. मीही बसलो होतो. तासाभरात तोफ चकचकीत झाली आणि मागच्या बाजूची फारसी अक्षरं बोटाला लागेनाशी झाली. ती पुन्हा कोणीच आणू शकत नाही. म्हणून पहिले दोन महिने फक्त मऊ कुंचला, बांबूची काडी आणि कोरडं फडकं.

एवढं पाळ:

- लेखी परवानगीशिवाय काहीच करायचं नाही. संरक्षित स्मारकाला पुरातत्त्वाचा कायदा लागू आहे, हेतू चांगला असला तरी.
- हात लावण्याआधी फोटो, चारही बाजूंनी.
- ऑइलपेंट नको. गंजावर रंग दिला की ओल आत कोंडते आणि लोखंड आतून गंजत जातं.
- तोफ जागची हलवायची नाही. नळीत पाणी साचत असेल तर सांग, आपण मिळून बघू.
- आग्या मोहोळ दिसलं की मागे फिर. अत्तर लावून येऊ नकोस.

गंज थांबवायच्या रसायनांचं आत्ता विचारूच नकोस. रविवारी सहाला ये, उन्हाच्या आत दोन तोफा होतात. पाणी आणि टोपी आण.