मोर्स कोड शिकायला मोबाइलचं अ‍ॅप पुरे, की जुन्या धाटणीचं सरावाचं यंत्र करून घ्यावं?

अ‍ॅप पुरतं. तरीही मी यंत्र करून बघा म्हणेन, कारण माझा कान त्यावरच तयार झाला.

उद्यमनगरात माझं मिलिंगचं काम आहे. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, नाद लागला तेव्हा ठिपके-रेघांचा तक्ता पाठ केला, आणि तिथंच चुकलं. आवाज आला की आधी तक्ता आठवायचा, मग अक्षर. तोवर पुढचं अक्षर निघून गेलेलं. मोर्स ही ऐकायची लय आहे. तारऑफिसातल्या साउंडरला, म्हणजे तार आली की 'कट्ट' वाजणाऱ्या यंत्राला, तर सूरही नसे, दोन 'कट्ट'मधल्या अंतरावरून तारमास्तर मजकूर उतरवून घेत.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ऑम्निग्राफ या सरावाच्या यंत्राबद्दल वाचलं. धातूच्या चकतीच्या कडेला दाते. चकती फिरली की पट्टी दात्यावर चढते आणि बझर वाजतो. इन्स्ट्रक्टोग्राफात हेच काम भोकं पाडलेली कागदी पट्टी करायची.

चकती मी पितळेची कापली. डिट (ठिपका) एक भाग, डा (रेघ) तीन. अक्षराच्या आतली फट एक, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. वेग मोजायला 'पॅरिस' हा शब्द धरतात, तो पुढच्या मोकळ्या जागेसकट बरोबर 50 भागांचा. म्हणून परिघाचे 100 भाग पाडले: इंडेक्सिंग हेडवर (चकती मोजून थोडी थोडी फिरवायचं साधन) 20 भोकांच्या वर्तुळात दर वेळी 8 भोकं पुढे. 64 मिमी व्यासाला एक भाग साधारण 2 मिमीचा. मिनिटाला चार फेरे म्हणजे 8 शब्द.

पण एवढ्या सावकाश अक्षरात माणूस ठिपके मोजायला लागतो. म्हणून दुसऱ्या चकतीवर अक्षरं कमी घेतली, मधली जागा वाढवली आणि फेरे वाढवले. अक्षर झपकन येतं, विचाराला वेळ उरतो. खरा फरक इथं पडला.

चकतीचा दोष एकच, ती पाठ होते. दहा दिवसांत मी न ऐकताच लिहायला लागलो. ऑम्निग्राफात चकत्यांचा क्रम बदलता यायचा तो यासाठीच. इथं मात्र अ‍ॅप सरस, दर वेळी नवी अक्षरं देतं. मी आता दोन्ही वापरतो. मोर्स कीला (संदेश पाठवायच्या खटक्याला) हात मात्र कान बसल्यावरच लावा.

चकती करणारच असाल तर पट्टीचं टोक अरुंद ठेवा. रुंद टोक एका भागाच्या फटीत उतरत नाही, आणि दोन डिट मिळून एक डा ऐकू येतो.